मंगोड्यांच्या दिवशी

जुन्या जालन्यातल्या कापडगल्लीत एक गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. मदनलालजींच्या थोरल्या सुनेचं पोटातलं पोर सुईनं गेलं. नगरपालिकेच्या नर्सबाई, दुर्गाबाई, पत्र्याची पेटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसल्या, की ज्या घरात सून गरोदर असेल त्या घराचं दार आतून लागायचं. “आमच्यात पोटुशी हाय बाई, पुढं व्हा,” असं कुणीतरी फटीतून सांगायचं, आणि दुर्गाबाई खाली मान घालून पुढं व्हायच्या. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

गोष्ट साफ खोटी होती. आणि ती खोटी आहे हे सगळ्या गल्लीत एकाच माणसाला माहीत होतं. ते माणूस म्हणजे जिचं पोर गेलं तीच, प्रेमबाई.

झालं होतं ते असं. पंचावन्न सालच्या वैशाखात प्रेमबाईच्या नणंदेचं, द्वारकाचं लग्न निघालं. या मारवाडी घरांतून लग्नाची पहिली सुरुवात मंगोड्यांनी होते. मुगाची डाळ भिजवून वाटायची आणि सात सुवासिनींनी मिळून तिचे बोराएवढे सांडगे खाटेवर पसरलेल्या कोऱ्या कापडावर घालायचे. गाणी म्हणत, हसत, पण फार जपून. पाळीतल्या बाईची सावली पडली तरी मंगोड्या लाल पडतात, आणि लाल मंगोड्यांचं लग्न धड जात नाही, असं तिथं आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. सातांत एखादी गरोदर असली तर मग सोन्याहून पिवळं. प्रेमबाईला पाचवा महिना लागला होता. सासू सुगनबाईंनी आठ दिवस आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पहिली मंगोडी माझी प्रेम टाकणार.

त्या सकाळी न्हाणीघरात प्रेमबाईला लुगड्यावर डाग दिसला. रुपयाएवढा, लाल.

ती तिथंच खाली बसली. बाहेर सहा बायका येऊन बसल्या होत्या, गाणं सुरू झालं होतं, सुगनबाई हाका मारत होत्या, “प्रेम, चल जल्दी, ऊन चढून राह्यलं.” आता बाहेर जाऊन सांगायचं काय? सांगितलं तर चार दिवस मागच्या खोलीत दूर बसावं लागणार, मंगोड्या मोडणार, आणि लग्नाच्या तोंडावर अपशकुन कुणी केला तर प्रेमनं केला. शिवाय कुणीतरी एकदा म्हटलं होतं की कधीकधी डाग दिसतो आणि आपोआप थांबतोही. बाई अडचणीत असली की असलं ऐकलेलं तिला बरोबर आठवतं. प्रेमबाईनं डाग धुतला, कापड घेतलं, बाहेर आली आणि हसत पहिली मंगोडी टाकली.

पुढचे तीन दिवस ती लग्नघरातली कामं करत राहिली. पाण्याच्या घागरी उचलल्या, उभ्यानं तळण तळलं. डाग काही थांबला नाही. चौथ्या दिवशी गावात पटकीचे दोन रोगी निघाले आणि लग्नघरी बाहेरगावची माणसं येणार म्हणून दुर्गाबाई सगळ्यांना सुई टोचायला आल्या. त्यांनी प्रेमबाईला बाजूला घेऊन नीट विचारलं होतं, “पोटात दुखतं का? डाग-बीग काही?” दारात सुगनबाई उभ्या होत्या. प्रेमबाई म्हणाली, “न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पोर गेलं. मुलगा होता.

सुगनबाईंनी कपाळ बडवून घेतलं. दुर्गाबाईंच्या तोंडावर त्या म्हणाल्या, “तुमच्या सुईनं खाल्लं माझ्या नातवाला. काल टोचलं आन् आज गेलं.” दुर्गाबाई पांढऱ्या फटक पडल्या. कोपऱ्यात पडून प्रेमबाई हे सगळं ऐकत होती. तिनं तोंड उघडलंही होतं, पण लग्नाला नऊ दिवस उरले होते. लग्न होऊ दे, मग सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि तोंड मिटलं.

लग्न झालं. आणि अकराव्या महिन्यात द्वारकाचा नवरा परभणीला वारला. सतरा वर्षांची द्वारका पांढरं नेसून माहेरी परत आली.

मग कसलं सांगणं आणि कसलं काय! सुगनबाई रोज दुपारी जात्याशी बसून त्या लग्नातली खोट शोधत. “मुहूर्त बराबर होता, पत्रिका बराबर जुळल्ती, मंग कुठं चुकलं गं?” चुलीपाशी बसलेली प्रेमबाई भाकरीवरून नजर काढत नसे. समोर द्वारका भाजी निवडत बसलेली असे, मोकळ्या मनगटांनी. त्या मनगटांकडे बघवत नसे प्रेमबाईला. खरं सांगायचं तर तिलाही वाटायचं की हे आपल्याच हातानं झालं. कुणी तिला काही म्हटलं नाही, म्हणून तर ते ओझं आणखी जड झालं होतं. त्यानंतर तिला दिवसही राहिले नाहीत. देवानं हिशोब चुकता केला, असं ती समजून चालली होती.

सत्तावन्न साली ती नव्या तापाची साथ आली. उन्हाळ्याच्या शेवटाला मोठ्या शहरांतून आली, एकदा गावोगाव फिरून गेली आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा फिरली. म्हातारी माणसं म्हणायची, ही मानमोडीची बहीण हाय. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मानमोडीत घरंच्या घरं उठली होती, तेव्हा नाव काढलं तरी बायका कानाला हात लावत.

घरात आता धाकटी सून होती, चंदन. राधेश्यामची बायको, हसनाबादच्या किराणा दुकानदाराची लेक, वय अठरा, सातवा महिना. बडबडी, खादाड आणि भित्री. जीजी, जीजी करत दिवसभर प्रेमबाईच्या मागं मागं असायची. रात्री बाहेर जायचं झालं तरी जीजी लागे आणि लोणच्याची बरणी उतरवायचीही जीजीनंच. पोर पोटात फिरलं की हात ओढून नेऊन आपल्या पोटावर ठेवायची. “बघा जीजी, तुम्हाला लाथ मारून राह्यलं.” प्रेमबाईला त्या पोरीनं जगवलं होतं असं म्हटलं तरी चालेल. पोटच्या पोरावर करायची ती माया तिनं जावेवर केली.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि कुणी या म्हणायच्या आत आत येऊन बसल्या. बाई हट्टाची खरी.

“सुगनबाई,” त्या म्हणाल्या, “मला बोला, शिव्या द्या, पण ऐकून घ्या. ह्या तापाची लस आलीय सरकारी दवाखान्यात. मोजकीच हाय, दवाखान्यातल्या माणसांसाठी. पण डॉक्टरसाहेबांनी त्यातल्या आठ सुया बाजूला काढल्यात, पोटुशा बायांसाठी. मानमोडीत त्यांनी डोळ्यांनी पाह्यलंय, ताप गल्लीत शिरला की आधी पोटुशी बाई जाती. तुमच्या चंदनचं नाव मी लिहून आले.”

सुगनबाईंचा चेहरा दगड झाला. “एक नातू दिला तुम्हाला. आता दुसरा बी पाह्यजे का?”

“ह्या सुईत जितं काही नसतं बाई. मेलेला जंतू असतो. उद्या तुम्ही मला विचारलं की शंभर टक्के लिहून देती का, तर मी कोण लिहून देणारी? डॉक्टर बी देणार न्हाईत. पण ताप आला तर काय होतं ते लिहून देते मी.” दुर्गाबाईंनी पेटी पुढं ओढली. “आन् गुण यायला पंधरा दिवस लागतात. ताप घरात आल्यावर टोचून उपयोग न्हाई. म्हणून आजच घ्या म्हणते.”

दाराआडून चंदन पुढं आली. सासूसमोर तोंड न उघडणारी पोर, पण तिच्या माहेरी हसनाबादला आषाढात शेजारची गरोदर बाई याच तापानं गेली होती. ती हळूच म्हणाली, “सासूजी, मला घ्यायचीय.”

सुगनबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी प्रेमबाईकडे बोट केलं. “हिला विचार. हिच्यावर बेतल्तं. बोल प्रेम, सुई टोचल्यावरच झालं का न्हाई?”

प्रेमबाई म्हणाली, “दुसऱ्या दिवशी झालं.”

दुर्गाबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “प्रेमबाई, आज पुन्हा विचारते. त्याच्या आधी काही तरास होता का तुला? एखादा डाग? आठवून सांग. तुझ्या एका शब्दावर हाय आता सगळं.”

खोलीत चौघीजणी होत्या आणि पाचवी द्वारका, कोनाड्यापाशी वाती वळत बसलेली. तिचे हात थांबले होते. ती प्रेमबाईकडे बघत होती, सहज, सगळे बघतात म्हणून. पण प्रेमबाईला त्या बघण्यानं घाम फुटला. आता हो म्हणायचं, की मग डाग कधी दिसला, किती दिवस आधी, हे आलंच. आणि दिवस मोजले की मंगोड्या आल्या.

“न्हाई,” ती म्हणाली. “काहीच तरास नव्हता.”

“झालं समाधान?” सुगनबाई उठल्या. “आन् उद्यापासून पितृपक्ष. श्राद्धाच्या पंधरवड्यात पोटुशीला सुई? कुणी ऐकलंय का असलं?”

दुर्गाबाईंनी पेटी उचलली. जाताना चंदनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तुझी सुई मी ठिवते. मन झालं की ये.”

दुपारी सासू निजल्यावर चंदन माळवदावर प्रेमबाईजवळ आली. प्रेमबाई कपडे वाळत घालत होती. पोरीनं तिचा पदर धरला. “जीजी, मला खरं खरं सांगा. लई दुखल्तं का सुईनं? पोटात कळ उठली का लगेच?”

“न्हाई गं.”

“मंग मी घेऊ का? तुम्ही घे म्हणा फक्त. मागच्या दारानं जाऊन घेऊन येते. सासूजींना नंतर कळलं तर कळू दे. तुम्ही म्हणलं तर मी बिलकुल भिणार न्हाई.”

किती सोपं होतं! एकच शब्द बोलायचा होता. प्रेमबाईच्या ओठावर तो आला होता. पण घे म्हटलं, की पोर विचारणार, तुमचं गेलं ते मग कशानं? चंदनच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना माहीत. सांजेपर्यंत ते सासूला कळणार, आणि मग द्वारकाला. खालून द्वारकाच्या जात्याची घरघर ऐकू येत होती.

“पंधरवडा होऊ दे,” प्रेमबाई म्हणाली. “घट बसले की मी स्वतः तुला घेऊन जाते. माझी शपथ.”

“नक्की?”

“नक्की.”

चंदन एवढ्यावर खूश झाली. या शपथेत प्रेमबाई काही फसवत नव्हती. तिला खरंच न्यायचं होतं. पंधरवड्यात आपण धीर गोळा करू, काहीतरी वाट निघेल, असं तिला मनापासून वाटत होतं. भ्यालेल्या माणसाला उद्यासारखा सोयीचा सोबती नसतो.

पाचव्या दिवशी राधेश्याम हैदराबादला गेला. तिथं चुलत्याचं श्राद्ध होतं आणि मदनलालजींचे गुडघे धरलेले, म्हणून धाकट्यानं जायचं ठरलं. नवमीला प्रेमबाईचा जीव फारच तळमळला. मंदिराचं निमित्त करून ती निघाली ती थेट सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लागली. दुर्गाबाईंना एकटीला गाठून सगळं सांगायचं, त्याच काहीतरी मार्ग काढतील, असं तिनं ठरवलं होतं. दवाखान्याच्या ओसरीवर खोकणाऱ्या माणसांची ही गर्दी. आत दुर्गाबाईंचा आवाज येत होता. प्रेमबाई पायरी चढली आणि मागून हाक आली, “अगं प्रेमबाई, तू इथं कशी?”

पाठीमागच्या घरच्या उषाबाई होत्या. काकासाहेब पाटलांच्या घरच्या, धाकट्या मुलांच्या शाळेसाठी खेड्यावरून जालन्यात येऊन राहिलेल्या. बाई मनानं चांगली, पण तिला कळलं ते संध्याकाळी आडावर सगळ्यांना कळायचं.

“डोकं दुखून राह्यलं, गोळी घ्यायला आल्ते,” प्रेमबाई म्हणाली, आणि गोळी न घेताच उषाबाईंबरोबर गप्पा मारत घरी आली. त्या दिवशी ती दोन वेळ जेवली नाही. उपास केला की पाप थोडं कमी होतं, असं तिला वाटलं असावं. उपाशी राहणं आपल्या बायांना बोलण्यापेक्षा केव्हाही सोपं जातं.

सर्वपित्री अमावास्येला दुपारच्या गाडीनं राधेश्याम परत आला. स्टेशनवरून टांग्यातून उतरताना त्याला धड उभं राहता येत नव्हतं. अंगात फणफणून ताप. गाडीचा डबाच्या डबा खोकत होता म्हणे. अमरचंदनं, प्रेमबाईच्या नवऱ्यानं, भावाला खांद्याचा आधार देऊन वर नेऊन निजवलं. चंदन त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली. प्रेमबाईनं तिला तिथून ओढून उठवायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, “असं काय जीजी, माझाच नवरा हाय ना.”

प्रेमबाई मनात दिवस मोजत होती. पौर्णिमेपासून पंधरा. त्या दिवशी सुई घेतली असती तर आज पुरे पंधरा झाले असते.

दुसऱ्या दिवशी घट बसले. राधेश्यामचा ताप उतरायला लागला, दणकट गडी तो. तिसऱ्या दिवशी चंदनला थंडी वाजून आली.

पहिले दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती. तेव्हा ती रडतही होती आणि लिंबाचं लोणचंही मागत होती. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास लागला. डॉक्टर आले, दुर्गाबाई आल्या. या खेपेला त्यांना कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि अमरचंदला बाहेर घेऊन गेले. दुर्गाबाईंनी चंदनला उशांच्या आधारानं बसवलं, तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. ओठ जांभळे पडत चालले होते. प्रेमबाई पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. तळवे गार होते आणि वर पोटात पोर अजून हलत होतं, चादरीवरून दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी चंदनला थोडी शुद्ध आली. तिनं डोळे फिरवून जीजीला शोधलं. बोलायला तिला दर शब्दाला दम घ्यावा लागत होता.

“जीजी... पंधरवडा... झाला ना?”

“झाला गं.”

“मंग... चला ना. सुई...”

प्रेमबाईनं दुर्गाबाईंकडे बघितलं. दुर्गाबाईंनी तोंड फिरवलं. “जाऊ हं,” प्रेमबाई म्हणाली, “आज दुपारी जाऊ.” पोरीनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं. जीजीचं कुठलंही बोलणं तिला खरंच वाटायचं.

दुपारी चारच्या सुमाराला ती गेली. पोटातलं पोर तिच्यानंतर थोडा वेळ हलत होतं. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले होते, ते धावत येईपर्यंत तेही थांबलं.

संध्याकाळी बायका जमल्या. आडापाशी प्रेमबाई एकटीच भांडी विसळत होती, का विसळत होती कुणास ठाऊक, स्वच्छच होती. दुर्गाबाई तिथं आल्या, पेटी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्या बाईचे डोळे साथीतल्या जागरणांनी सुजले होते.

“प्रेमबाई,” त्या म्हणाल्या, “एक मागते. मला माफ कर. त्या वेळी माझ्या हातानं तुझं पोर गेलं, म्हणून आज हिला सुई मिळाली न्हाई. दोन वर्षं मी सुई धरली की हात कापतो माझा. तुमच्या घराला मी दोनदा नडले.”

आणि त्या हात जोडून उठल्या आणि निघून गेल्या. प्रेमबाईच्या हातातलं तांब्याचं भांडं आडात पडलं. ते पाण्यावर आदळल्याचा आवाज आला तरी ती तशीच बसून होती.

बैठकीचे दिवस सुरू झाले. रोज दुपारी गल्लीतल्या बायका येत, भिंतीला टेकून बसत, थोडं रडत आणि मग हळूहळू आपापल्या घरचं बोलत. नवव्या दिवशी उषाबाई आल्या. त्यांच्या सुनेला पाचवा महिना होता. थोडा वेळ बसून त्यांनी सुगनबाईंना चाचरतच विचारलं, “सुगनबाई, इचारू का नको असं झालंय. ती नर्सबाई काल आल्ती. एक सुई शिल्लक हाय म्हणाली. सुनेला देऊ का? तुमच्या घरी ते तसं झाल्तं म्हणून जीव धजत न्हाई.”

सुगनबाईंनी डोळे पुसले. “देऊ नका,” त्या म्हणाल्या. “ताप देवाघरचा, येतो आन् जातो. सुई मात्र माणसाच्या हातची. माझं ऐका, बिलकुल देऊ नका. ही प्रेम बसलीय समोर, हिला विचारा.”

सगळ्या बायकांनी प्रेमबाईकडे बघितलं. पुन्हा तेच. महिन्याभरापूर्वी असतं तर ती पुन्हा तेच म्हणाली असती. पण तिच्या कानात सारखं एकच वाजत होतं. मंग... चला ना.

“द्या सुई,” प्रेमबाई म्हणाली.

तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आजच द्या उषाबाई. माझं पोर सुईनं न्हाई गेलं. सुईच्या चार दिवस आधीपासून मला डाग जात होता. मी कुणाला सांगितलं न्हाई. दुर्गाबाईंनी विचारलं तर न्हाई म्हणाले. त्यांचा काही दोष न्हाई. चंदनचं बी मी...”

सुगनबाईंचे ओठ हलायला लागले. त्या दिवस मोजत होत्या. “चार दिवस,” त्या पुटपुटल्या, “म्हणजे... मंगोड्यांच्या दिवशी?”

“व्हय.”

“विटाळाच्या हातानं टाकल्या तू? पहिली मंगोडी?”

“व्हय सासूजी.”

सुगनबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. “माझ्या पोरीचा चुडा फोडलास गं तू,” त्या म्हणाल्या, “आन् दीड वर्ष तिच्यासमोर बसून जेवलीस.” एकदोन बायकांनी तोंडाला पदर लावला. उषाबाई मात्र तेवढ्यात उठल्या. कुणाला काही न बोलता त्यांनी चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच घराकडे निघाल्या.

प्रेमबाई खाली बघत होती. तिला सासूचं भय राहिलं नव्हतं. ती वाट बघत होती द्वारकाच्या बोलण्याची. या एका क्षणाला ती दीड वर्ष भ्याली होती. त्यासाठी तिनं काय काय दिलं होतं!

द्वारका कोपऱ्यातून उठली. ती सासरहून आली तेव्हापासून चार माणसांत बोललेली कुणी ऐकली नव्हती. ती प्रेमबाईच्या पुढ्यात येऊन बसली.

“भाभी,” ती म्हणाली, “त्यांना क्षय होता. लग्नाच्या आधीपासून. खोकला आला की रुमालात रक्त पडायचं. मला पहिल्या महिन्यातच कळलं. तिकडच्यांनी लपवल्तं.” तिनं आईकडे बघितलं आणि नजर वळवली. “मी इथं येऊन सांगितलं न्हाई. स्थळ आईनंच पसंत केल्तं. तिला कसं सांगावं, म्हणून गप बसले.”

सुगनबाईंनी कपाळावर हात मारला.

“मंगोडीनं कुठं माणूस मरतं का भाभी?” द्वारका म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच प्रेमबाईला ते ऐकवेना. “माझ्या भयानं तुम्ही चंदनला सुई न्हाई घेऊ दिली? माझ्या? मला एकदा विचारायचं होतं. रोज समोरासमोर तर बसत होतो आपण.”